गाऱ्हाणं घालणारा माणूस

दिवाळीचे कंदील अजून गॅलऱ्यांतून उतरलेले नसतात, चकल्यांच्या डब्यात तुकडे आणि चुरा उरलेला असतो, आणि अशाच एखाद्या संध्याकाळी फोन येतो. "सर, यंदा पण येताय ना? रविवारी नारळ फोडायचाय." एकांकिकांचा मोसम सुरू झाला, हे मला दरवर्षी असं कळतं.

मग दादर-परळच्या शाळांचे हॉल संध्याकाळी उघडे राहायला लागतात. बाकं भिंतीला सरकवलेली, फरशीवर खडूने आखलेलं घर: इथे दार, इथे खिडकी, इथून पुढे प्रेक्षक. खडूची धूळ, प्लायवुडला नुकत्याच लावलेल्या रंगाचा वास, कागदी कपातला गार झालेला चहा. थंडी म्हणावी अशी थंडी मुंबईत पडतच नाही, तरी मुलं उगाच मफलर गुंडाळून येतात. कोणाचा तरी घसा बसलेला असतो आणि कोणाच्या तरी आईने आल्याचे तुकडे डबीत घालून दिलेले असतात. पस्तीस वर्षं मी या हॉलांतून वावरलो. आधी पडदा ओढला, मग लिहिलं, मग बसवलं. आता मी फक्त बोलावला जातो. खुर्ची देतात, चहा देतात, वाचून झालं की सगळे माझ्या तोंडाकडे बघतात.

खरं सांगायचं तर मी दमलोय. वयाने दमलोय तसा वाचूनही दमलोय. दरवर्षी आठ-दहा संहिता हातात येतात आणि प्रत्येकीत एक ‘ग्रे’ माणूस असतो. हल्ली तो लागतोच. तो काहीतरी वाईट करतो, आणि पान उलटलं की त्याचं दुःख येतं. बाप दारू प्यायचा, आई सोडून गेली, पोर आजारी आहे. मुलांना वाटतं, एका पारड्यात पाप आणि दुसऱ्यात दुःख टाकलं की मधे माणूस उभा राहतो. तो राहत नाही. मधे वकील उभा राहतो, आणि तो वकील म्हणजे लेखक.

हे मी मुलांना सांगतो. ती माना डोलावतात. हे मला कोणी शिकवलं, ते मात्र सांगत नाही. ते शिकवलं माझ्या वडिलांनी, आणि आम्ही कॉटन ग्रीनला राहत होतो तेव्हाच्या एका मोसमात.

आमची लालबागची चाळ तेव्हा पाडली होती. तिच्या जागी टॉवर व्हायचा होता आणि तोवर आम्हाला कॉटन ग्रीनच्या गोदामांमागे संक्रमण शिबिरात खोली मिळाली होती. खिडकीतून गोदामांची कौलं दिसायची. आमचं बिऱ्हाड तिथे गेलं त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ मला लख्ख आठवते. बाबा पेपर घेऊन घरातल्या संडासात गेले, कडी लावली आणि अर्धा तास बाहेर आले नाहीत. जन्मभर त्यांनी चाळीच्या टोकाच्या सामायिक संडासासमोर रांग लावली होती. सत्तरी ओलांडल्यावर गुडघे गेले, तरी हातात टमरेल आणि मागून कोणाचा तरी आवाज, "काका, आवरा!" त्या सकाळी आईने दार वाजवून विचारलं, "ओ, बरे आसात मा?" आतून बाबांचं हसू ऐकू आलं. आम्हीही सगळे हसलो.

बाबा चाळीचे गाऱ्हाणेकर. आमच्या कोकणात कुठलंही काम देवाच्या कानावर घातल्याशिवाय सुरू होत नाही. एक जण नारळ धरून देवापुढे सगळ्यांच्या वतीने बोलतो, मागणं मागतो, आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला बाकीचे "व्हय महाराजा!" म्हणून हुंकार देतात. हे बोलणं कुठे लिहिलेलं नसतं. ज्याच्या जिभेवर ते आहे त्याचा मान. गिरणीत बाबा साधे कामगार होते, चाळीच्या कमिटीत ते कधी नव्हते, पण गणपतीपुढे उभे राहिले की अख्खी चाळ त्यांच्या मागे उभी राहायची. आमच्या नाटकाच्या ग्रुपलाही तीच सवय. प्रयोगाआधी विंगेत नारळ बाबांच्या हातात. त्यांच्याशिवाय पडदा वर गेला असं झालंच नाही.

बिल्डरची माणसं चाळीत फिरायला लागली त्या वर्षी गणपतीत सगळ्यांनी ठरवलं, की एकट्याने कोणी संमतीपत्रावर सही करायची नाही. जे काही मागायचं ते सगळ्यांनी मिळून. आणि हे देवापुढे बोलून घ्यायचं. बाबांनी नारळ उचलला. "बा देवा गजानना, आज ही तुझी सगळी लेकरां तुझ्या पायाकडे उभी रवली आसत रे महाराजा!" "व्हय महाराजा!" "आमच्यातलो एकय माणूस एकटो सही करूचो नाय. जो कोण करतलो, तेका तूच बघून घे रे महाराजा!" "व्हय महाराजा!" शेजारच्या खोलीतले शांताराममामा, बाबांचे गिरणीपासूनचे दोस्त, सगळ्यांत मोठ्याने ओरडले. बाबांचा आवाज त्या दिवशी असा काही लागला होता की बायका पदराने डोळे टिपत होत्या. माझ्याही अंगावर काटा आला होता.

पुढे काय झालं ते लालबाग-परळमध्ये कोणालाही सांगायची गरज नाही. सह्या झाल्या. एकेक करून, गुपचूप. कोणाची आधी, कोणाची नंतर, हे कोणालाच नीट कळलं नाही आणि एकमेकांवर संशय घेण्यातच पुढचे दोन गणपती गेले. आधीच्यांना कॉटन ग्रीनला खोल्या मिळाल्या. शपथ धरून शेवटपर्यंत बसले त्यांना पार शहराच्या टोकाला, खाडीजवळ. शांताराममामा शेवटच्या चौघांत होते. बाबांनी चाळीत सांगितलं, आमचं नाव चिठ्ठीत निघालं. मी ते खरं धरून चाललो होतो.

खोली रिकामी करताना पूजेच्या सामानाच्या पेटीत, सोवळ्याच्या खाली, मला संमतीपत्राची प्रत सापडली. बाबांची सही होती आणि तारीख होती. गाऱ्हाण्याच्या आदल्या दिवसाची.

मी प्रत होती तशी ठेवली आणि पेटी टेम्पोत चढवली. त्या खोलीचा फायदा मलाही होणारच होता.

मग शिबिरातल्या तिसऱ्या वर्षी श्रावणात शांताराममामा गेले, तिथेच, खाडीजवळच्या खोलीत. शेवटी शेवटी प्रत्येक येणाऱ्याला विचारायचे, "आमची बिल्डिंग खयपर्यंत इली?" बाबांनी खांदा दिला. स्मशानातून आल्यावर आंघोळ करून जेवले, दोन वाट्या आमटी प्यायले. मला त्या आमटीचा फार राग आला. मी लिहायला बसलो तो त्या रागाने.

एकांकिका मी गावात नेली. चाळीच्या जागी गावाची जमीन, बिल्डरच्या जागी कंपनी. तातू नावाचा एक गुरव. गावाला देवळात शपथ घालतो आणि आदल्या दिवशी स्वतःचा तुकडा विकून आलेला असतो. लिहिता लिहिता राग ओसरत गेला आणि मला तातूची दया यायला लागली. मग मी त्याला मुलगी दिली, तिच्या काळजाला भोक दिलं, ऑपरेशन दिलं. आणि गाऱ्हाण्याच्या मधोमध त्याचा आवाज कापवला. "जो कोण विकतलो..." इथे तो अडखळतो, नारळ हातात थरथरतो, गावाला वाटतं देव अंगात आला. फक्त प्रेक्षकांना खरं कळतं. माझ्या मते ती त्या एकांकिकेची सगळ्यात मोठी जागा होती.

रंगीत तालीम रविवारी दुपारी होती, दादरच्या एका शाळेत. बाबांना प्रयोगाच्या दिवशीच बोलवायचं असं माझ्या मनात होतं, पण संजू, जो तातूचं काम करत होता, त्याला गाऱ्हाण्याची लय नीट जमत नव्हती. तो मला न विचारता बाबांना घेऊन आला. "काका, जरा बघा ना, कुठे चुकतंय." बाबा पहिल्या रांगेत लाकडी खुर्चीवर बसले. मी मागे भिंतीला टेकून उभा होतो. पाऊण तास मला फक्त त्यांची मान दिसत होती. ती हलली नाही. शेवटी त्यांनी संजूला लय समजावून दिली, ‘महाराजा’वर जोर कुठे द्यायचा ते दाखवलं, आणि मला म्हणाले, "चल, चलत जावया."

आम्ही हिंदमातापर्यंत चाललो. रविवारची गर्दी, कपड्यांच्या दुकानांबाहेर टांगलेले ड्रेस, फुटपाथवर चिंचा-आवळे. बाबा बसस्टॉपवर आले आणि बाकावर बसले. आमची बस आली, गेली. ते उठले नाहीत.

"तेचा चेडू कित्याक आजारी पाडलंस?" त्यांनी विचारलं.

मला कळायला क्षणभर लागलं. ते तातूच्या मुलीबद्दल बोलत होते. "मग त्याने जमीन का विकली म्हणून दाखवायचं, बाबा?"

"तेका पक्का घर होया होता. न्हाणी घरात होयी होती. इतक्याच."

"एवढ्यासाठी?"

"एवढ्यासाठी म्हंजे?" त्यांचा आवाज चढला. "तू म्हातारपणी टमरेल घेवन लायनीत उभो रवलंस काय?"

गावातल्या गुरवाला लाइन नसते. हे आम्हा दोघांनाही एकदमच कळलं. बाबा समोरच्या रस्त्याकडे बघत राहिले, मी माझ्या चपलांकडे. शेजारी एक बाई पिशवीतले वाटाणे सोलत बसची वाट बघत होती. तिच्याकडे बघून बरं वाटत होतं.

थोड्या वेळाने ते पुन्हा तातूवर आले, आणि शेवटपर्यंत तातूवरच राहिले. "आणि एक सांगतंय. गाऱ्हाणा घालताना तेचो आवाज कापूचो नाय."

"पण बाबा, मनात काहीतरी होत असणारच ना त्याच्या?"

"मनात काय आसा ता मनात. आवाज कापूचो नाय. उलट त्या दिवशी तेचो आवाज असो लागतलो, जन्मात लागूक नाय असो. आणि तेका ता बरा वाटतला. समोर दोस्त उभो, तो सगळ्यांत जोरात ‘व्हय महाराजा’ म्हणता, आणि हेका बरा वाटता. ताच वायट आसा रे झिला." मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "ताच लिव."

त्यानंतर बस आली. आम्ही बसलो. घरी आई मटार उसळ करून वाट बघत होती.

आज इतकी वर्षं मी वेगवेगळ्या शब्दांत मुलांना जे सांगतो ते एवढंच आहे. वाईट करणाऱ्याला कारण असावं, पण त्या कारणाने काही फिटू नये. ते कारण इतकं साधं असावं की ऐकणाऱ्याच्या घरातही ते सापडेल. घरातला संडास कोणाला नको असतो? मला नको होता? त्याने ज्याचं नुकसान केलं तो माणूस आपल्याला दिसावा, त्याचा हुंकार ऐकू यावा, आणि आपला माणूस त्याच्यावर खरंच प्रेम करत असावा. आणि वाईट करताना तो आपल्या कामात चोख असावा. पाप करताना हात थरथरणारी माणसं मी नाटकांत पुष्कळ पाहिली, घरांत फारशी नाही. घरांत माणसं पाप करतात आणि दोन वाट्या आमटी पितात. आमटी चांगली झाली असेल तर तसं सांगतातही. आपण ज्याला करडा रंग म्हणतो तो काळ्या-पांढऱ्याचं मिश्रण नसतोच बहुतेक. दोन्ही रंग अख्खेच्या अख्खे, एकाच माणसात, एकाच वेळी, शेजारी शेजारी राहत असतात.

प्रयोगाला चार दिवस होते. सोमवारी कचेरीत जेवणाच्या सुट्टीत मी ते पान पुन्हा लिहिलं. मुलीचं ऑपरेशन काढून टाकलं. गाऱ्हाणं सलग, खणखणीत. लिहून झाल्यावर मलाच धसका बसला, इतकं ते खरं होतं. संध्याकाळी संजूला दाखवलं.

संजूने वाचलं आणि म्हणाला, "अरे, मग लोक त्याला माफ कसं करणार?"

"नाही करणार."

"आणि आवाज कापला नाही तर मी करू काय तिथे? वेडा आहेस का तू? त्या जागेवर टाळी आहे रे!"

मी दिग्दर्शक होतो. मी ठणकावून सांगू शकलो असतो. मी पानाची घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवली. प्रेक्षकांत चाळीतली माणसं असणार होती, शांताराममामांच्या मामी असणार होत्या. माझ्या वडिलांचा कोणी तिरस्कार करावा हे मला नको होतं, जरी तो तिरस्कार गुरवाच्या नावाने असला तरी. आणि मला बक्षीस हवं होतं. यातलं आधी काय होतं, हे आजही मला धड सांगता येत नाही.

प्रयोगाच्या दिवशी बाबा इस्त्रीचा सदरा घालून आले. विंगेत नारळ धरला, गाऱ्हाणं घातलं. "कोण वाकड्या वाटेन गेलो आसात तर तेका सरळ वाटेक लाव रे महाराजा!" आम्ही सगळे म्हणालो, "व्हय महाराजा!" मीही म्हणालो, मोठ्याने. मग ते पुढे जाऊन प्रेक्षकांत बसले. पडदा वर गेला. संजूचा आवाज कापला, नारळ थरथरला, मुलीचं ऑपरेशन आलं. हॉलमध्ये हुंदके ऐकू आले. लेखनाचं पहिलं बक्षीस मला मिळालं.

बाहेर आल्यावर मामी भेटल्या. मामांना जाऊन चार महिने झाले होते, त्यांच्या बांगड्या नसलेल्या हातात घड्याळ तेवढं होतं. डोळे पुसत बाबांना म्हणाल्या, "भावजी, बिचारो ओ तो गुरव. पोरीसाठी केल्यान."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. मग मामींना म्हणाले, "व्हय. बिचारो."

जन्मात एकदाच त्यांनी आपला खरा माणूस माझ्या हातात दिला होता. माफी मागितली नव्हती, कारण सांगून सुटका करून घेतली नव्हती. जसा होतो तसा लिही, एवढंच मागणं होतं. देवापुढे इतकी वर्षं दुसऱ्यांची मागणी मांडणाऱ्या माणसाने स्वतःसाठी केलेलं ते एकच मागणं मी ऐकलं, आणि ते मी मान्य केलं नाही. मी त्यांना बिचारा करून टाकलं. त्याचं मला फार वाईट वाटतं, आणि वाईट वाटून आता काही होण्यासारखं नाही.

पुढच्या वर्षी मोसम आला तेव्हा नारळ घेऊन मी त्यांच्यापुढे गेलो. त्यांनी हात पुढे केला नाही. "आता तू घाल," म्हणाले. "तुका येता."

टॉवर झाला. आम्हाला सतरावा मजला मिळाला, बंदर दिसतं. मामी चौथ्या मजल्यावर, त्यांची खिडकी पार्किंगच्या भिंतीवर उघडते. लिफ्टमध्ये भेटल्या की बाबा त्यांना विचारायचे, "बऱ्या आसास मा?" त्या म्हणायच्या, "तुमच्या आशीर्वादान." बाबा तीन वर्षं त्या घरात राहिले, मग गेले. शेवटपर्यंत सकाळी पेपर घेऊन आत जायचे, पण हसायचे मात्र बंद झाले होते. पिवळं पडलेलं ते खिशातलं पान माझ्याकडे अजून आहे. पूजेच्या पेटीत, त्या प्रतीच्या शेजारी.

गेल्या रविवारी आमच्याच टॉवरच्या हॉलमध्ये यंदाच्या एकांकिकेचा मुहूर्त होता. गुळगुळीत फरशी, एसी, खडूने आखायला मनाई म्हणून मुलांनी रंगीत टेप चिकटवलेली. लिहिणारी मुलगी तन्वी, बावीस वर्षांची, वाचून झाल्यावर वही उघडून माझ्यासमोर बसली. मी नेहमीचं सांगितलं. तुझ्या माणसाला रडवू नकोस, त्याचा आवाज कापवू नकोस, त्याला माफी मिळवून द्यायला जाऊ नकोस. ती लिहून घेत होती. मधेच थांबली.

"सर, पण तुमच्या त्या गुरवाच्या एकांकिकेचा व्हिडिओ आहे ना कोणीतरी टाकलेला, तो बघितला मी. त्यात तर त्याचा आवाज कापतो."

हॉलमध्ये सगळे माझ्याकडे बघत होते. सांगायला हीच वेळ होती. पेटी सतरा मजले वर होती, बाबा राहिले नव्हते, मामी आपल्या खोलीत टीव्ही बघत असणार. कोणाचं काही बिघडणार नव्हतं, माझं सोडून.

"ते संजूने स्टेजवर केलं," मी म्हणालो. "मी लिहिलं होतं ते वेगळं होतं. नटांचं असंच असतं गं."

संजू हल्ली दुबईत असतो. तन्वीने मान डोलावली आणि तेही वहीत लिहून घेतलं. मग कोणीतरी माझ्या हातात नारळ दिला. मी उठलो, चपला काढल्या, डोळे मिटले आणि गाऱ्हाणं घातलं. पोरं हुंकार देत होती आणि मला बरं वाटत होतं.

संपल्यावर तन्वी जवळ आली. "सर," ती म्हणाली, "काय खणखणीत आवाज लागला आज तुमचा!"

मी नारळ फोडला आणि सगळ्यांना खोबरं वाटलं.